खालचा दोरा गुंततो, उपाय सांगा

…नाही, तुम्हीच सांगा मला, एकतीस वर्षं एकाच दुकानात, एकाच स्टुलावर, एकाच खिडकीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला त्याची सख्खी मुलगी तोंडावर सांगते, "बाबा, तुम्ही कुठंच नाही आहात!" याला काय म्हणायचं? म्हटलं, अगं, हा काय मी! हाताला तेल लागलंय, मांडीवर मशीन आहे, नाकावर चष्मा आहे, आणि कुठंच नाही? तर म्हणे, "तसं नाही हो बाबा. सर्चमध्ये. मी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, पार सहाव्यापर्यंत गेले. लोक पहिल्या पानाच्या पुढं जातच नाहीत." म्हणजे पोटची पोर म्हणून पाच पानं जास्त चालली, तेवढीच काय ती माया! मी आहे तिथंच आहे हो… पण सापडत नाही!

तुम्हाला सांगतो, मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. पायाचं, हाताचं, विजेचं, आजीच्या काळातलं काळंकुळकुळीत, नातीच्या काळातलं पांढरं प्लॅस्टिकचं, कुठलंही आणा. दुकान रस्त्याच्या खाली, चार पायऱ्या उतरून. खिडकी वर, फूटपाथच्या पातळीला, तिच्यातून मला माणसांचे फक्त पाय दिसतात. एकतीस वर्षं मी पायांवरून गिऱ्हाईक ओळखत आलो. दर दहा पावलांनी थांबणारे, एका बाजूला कललेले पाय म्हणजे हातात मशीन आहे, उठा, दार उघडा! आणि मग काय झालं, तर कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि रस्ता एकेरी झाला, बसथांबा उचलून पलीकडच्या रस्त्यावर नेला… संपलं! पायच बंद झाले. दिवसभरात एक पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे आजोबा चप्पल घासत, आणि एक कुत्रं. कुत्र्याला चार पाय असतात म्हणून आकडा जरा बरा दिसतो, एवढंच.

आता आम्हाला एक मेहुणा आहे. मेहुणा सगळ्यांनाच असतो म्हणा, पण आमचा जरा जास्तच आहे. बायकोचा धाकटा भाऊ, धान्याचं गोदाम चालवतो, आणि रोज संध्याकाळी फोन. "भाऊजी, कशाला त्या तळघरात डोळे फोडताय? माझ्याकडे या. गेटवर बसायचं, गाडी आत आली की नंबर लिहायचा, गाडी बाहेर गेली की नंबर लिहायचा. आणि वर पंखा आहे!" पंखा आहे हे तो अशा सुरात सांगतो, की जणू तो स्वतः रात्रभर बसून फिरवणार आहे! बायको म्हणाली, उन्हाळा संपेपर्यंत बघू. तोवर गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर पहिल्या तारखेपासून दुकानाला कुलूप आणि तुम्ही गेटवर. मी म्हटलं, बरं. म्हटलं खरं, पण रात्री बोटांकडे बघत बसलो. सुईच्या टोकाएवढा फरक बोटांना कळतो हो माझ्या… त्या बोटांनी ट्रकचे नंबर लिहायचे?

तर वेबसाइट मुलीनं करून दिली. म्हणाली, "मजकूर तुम्ही लिहा, कामाची माहिती तुम्हालाच." आता मला लिहायची हौस पहिल्यापासून! मशीनच्या कंपन्यांची जाडजूड पुस्तकं वाचून वाचून माझी भाषाही तशीच झालेली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, मी लिहिलं, "तीन दशकांची अखंड, अविरत व अविचल सेवा." त्याखाली लिहिलं, "आमच्या येथे ताणनियंत्रण, दंतपट्टी-समायोजन व हुक-टायमिंगची कामे शास्त्रोक्त पद्धतीने केली जातील." वाचून माझेच डोळे पाणावले. मुलगी म्हणाली, "बाबा, यात 'शिलाई मशीन' हा शब्द कुठं आहे?" म्हटलं, अगं, ते तर उघडच आहे! म्हणे, "कुणाला उघड आहे? त्या सर्चच्या यंत्राला काय माहीत, तुम्ही दात काढता, की पट्टे विकता, की अखंड सेवा म्हणजे देवळात बसता? पानाचं शीर्षक म्हणजे दुकानाची पाटी असते. पाटीवर आधी काम लिहितात, गावाचं नाव लिहितात. स्तुती नाही!"

आणि फोटो! चौदा फोटो टाकले मी, एकेक एवढा मोठा की स्क्रूवरचा गंज मोजून घ्यावा. पान उघडायला इतका वेळ लागायचा, की मी क्लिक करून, चहा टाकून, पिऊन, कप विसळून यायचो, तेव्हा कुठं माझं कपाळ उगवलेलं असायचं. पोरगी म्हणे, "दार उघडायला एवढा वेळ लागला तर कोण थांबेल? लहान करा फोटो. आणि ते यंत्र आपल्यासारखं फोटो बघत बसत नाही, त्याला बाजूला शब्दांत सांगावं लागतं फोटोत काय आहे ते." मी लगेच माझ्या फोटोला लिहिलं, "प्रसन्न मुद्रेतील संस्थापक." ती म्हणाली, "बाबा… 'जुन्या काळ्या शिलाई मशीनचं खालच्या दोऱ्याचं शटल साफ करणारा मेकॅनिक.' जे आहे ते लिहा ना!" जे आहे ते लिहा! एवढं सोपं असतं होय? आयुष्यभर माणूस जे आहे त्यापेक्षा जरा बरंच लिहीत आलेला असतो.

बरं, मी एकटाच बसलो असताना मला एक शोध लागला. मी आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आमच्या दुकानाचं नाव, पूर्ण, काना-मात्रेसकट टाकलं… तर मी पहिला! पहिल्या पानावर, सगळ्यात वर! पुन्हा टाकलं. पुन्हा पहिला! दुपारपर्यंत चाळीस वेळा टाकलं, चाळीस वेळा पहिला आलो. शाळेत असताना एकदाही पहिला न आलेला माणूस हो मी, छाती भरून आली. मेहुण्याला आपण होऊन फोन लावला, म्हटलं, तुझा पंखा तुलाच लखलाभ, आम्ही पहिले आलोय! त्यानं तिथल्या तिथं आपल्या फोनवर शोधलं. "शिलाई मशीन दुरुस्ती" एवढंच टाकलं त्यानं, दुकानाचं नाव नाही. मग म्हणाला, "भाऊजी… इथं चपलांचं दुकान दिसतंय, एक शिवणक्लास दिसतोय, तुम्ही काही दिसत नाही."

संध्याकाळी मुलीनं समजावलं. "बाबा, ज्याला तुमच्या दुकानाचं नाव पाठ आहे, त्याला तुम्ही सापडलेलेच आहात. आणि हा कॉम्प्युटर तर तुमचाच, रोज तुम्ही त्याच पानावर जाता, त्याला वाटतं ह्या गृहस्थाला एवढंच आवडतं, दाखवा बापडं." म्हणजे मी आरशासमोर उभं राहून गर्दी झाली, गर्दी झाली म्हणून नाचत होतो! त्या आठवड्यात वेबसाइटवर सत्तावन्न जण आले होते, असा आकडा दाखवत होतं. मी हळूच विचारलं, त्यातले मी किती? तिनं हळूच कॉम्प्युटर बंद केला. फार मायाळू पोर आहे. पण मला कळलं. मी आहे तिथंच आहे हो… पण फक्त मलाच सापडतोय!

अशा वेळी माणसाला काय भेटतं? बरोब्बर, तज्ज्ञ भेटतो. फोनच आला त्याचा. "सर, सर, सर! सात दिवसांत पहिलं पान सर, गॅरंटी सर!" मी त्याचं नाव पहिलंपानवाला ठेवलं. मुलीला न सांगता हं हे सगळं, ती परीक्षेच्या गडबडीत होती. पहिलंपानवाला म्हणाला, "सर, पानावर 'शिलाई मशीन दुरुस्ती' किती वेळा आहे? दोनदा? सर! चारशे वेळा पाहिजे!" म्हटलं, अहो, चारशे वेळा एकच गोष्ट म्हणणाऱ्या माणसाला आम्ही डॉक्टरकडे नेतो. तर म्हणे, "माणसाला दिसणार नाही सर, पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं! फक्त यंत्र वाचेल सर!" आणि वर चारशे ठिकाणी माझं नाव लावून देणार, म्हणजे यंत्राला वाटेल, बघा बघा, चारशे लोक याच्याकडे बोट दाखवतायत, माणूस मोठा असणार! मला पटलं हो. खोटं कशाला बोलू? बुडत्याला काडीचा आधार, त्यातून काडीनं गॅरंटी दिलेली.

आठ दिवसांनी मुलीनं सर्च करून बघितलं. सहावं पान… नाही. दहावं… नाही. विसावं… नाही! फोटो लहान केल्यावर कसाबसा सहाव्या पानावर आलो होतो, तिथूनही उठलो! आणि ती चारशे ठिकाणं उघडून बघितली, तर कुठं टकलावर केस उगवतायत, कुठं घोड्यांचं खोगीर विकतायत, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत मी! पोरगी रागावली नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे कुणी मशीन आणलं आणि वरून नुसता रंग मारून, आत गंज ठेवून दिलं, तर तुम्हाला कळत नाही का?" म्हटलं, हात लावताक्षणी कळतं. "मग त्या यंत्रालाही कळतं."  आता तर मी होतो तिथंही नव्हतो हो! उन्हाळा अर्धा संपला होता, आणि मेहुण्यानं मला टोपीचं माप विचारलं होतं. गेटवर टोपी असते म्हणे.

रंग खरवडायला तिला तीन दिवस लागले. पांढरी अक्षरं पुसली, चारशे घोडेवाल्यांशी आपला संबंध नाही असं सर्चवाल्यांना कळवून टाकलं, आणि मग माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "बाबा, एवढंच सांगा. लोक दुकानात येतात तेव्हा काय म्हणतात? त्यांच्या शब्दांत. कारण तेच शब्द ते तिथं टाइप करतात." मी पेन उचललं… आणि तुम्हाला सांगतो, मला आठवेना. एक वाक्य आठवेना! एकतीस वर्षं माणसं माझ्यासमोर उभी राहून बोलली, आणि मी काय केलं, तर त्यांचं बोलणं सुधारलं. बाई म्हणणार, "मशीन खाली गुंता करतंय हो." मी म्हणणार, "गुंता नव्हे! ताणनियंत्रणातला बिघाड!" दुसरी म्हणणार, "कापड पुढं सरकत नाही." मी म्हणणार, "दंतपट्टी म्हणा, बाई, दंतपट्टी!" बिचाऱ्या घाबरून म्हणायच्या, बरं, ते. मला वाटायचं, आपण ज्ञान देतोय. आता तो कागद तसाच कोरा, आणि मी त्याच्याकडे बघतोय. वाईट वाटलं हो. मला सापडत नाही म्हणून रडत होतो, पण समोर उभं राहिलेलं माणूस तरी मला कुठं सापडलं होतं?

तेवढ्यात बायको उठली. आमच्या दुकानात पद्धत अशी की मशीन आलं की पुढं बायको घेते, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गिऱ्हाइकाची तक्रार लिहिते, सुतळीनं मशीनला बांधते. मग ते माझ्याकडे आत येतं, आणि मी पहिलं काम काय करतो, तर तिचं लिहिलेलं खोडून खाली शुद्ध शब्दात लिहितो! तिनं मागच्या फळीवरून एक मोठा पत्र्याचा डबा काढला आणि ओतला की हो टेबलावर. सगळे पुठ्ठे! वर्षानुवर्षांचे! म्हटलं, हे कशाला ठेवलंस? म्हणे, "सुतळी परत वापरता येते. आणि वाचायला बरं वाटतं मला." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आणि आम्ही तिघं वाचायला बसलो. "खालचा दोरा गुंततो." "खालचा दोरा गुंततो." "टाका पडतो पण धरत नाही." "कालपर्यंत चालत होतं." "आवाज करतं, शेजारी ओरडतात." "जाड कापडावर अडतं, पातळावर धावतं." "मी काही केलेलं नाही." हे "मी काही केलेलं नाही" बावन्न पुठ्ठ्यांवर होतं! एकावर नुसतं, "रुसलंय." एकावर, "आईचं आहे. जपून." आणि त्या "आईचं आहे, जपून"वर आडवी रेघ मारून खाली माझं अक्षर, "शटल झिजले." तो पुठ्ठा मी हातात धरून बसलो, मुलगी दोनदा म्हणाली, बाबा पुढचा द्या, मला देववेना. अहो, शटल झिजलं होतं हे खरंच आहे, माझं काही चुकलं नव्हतं. पण ती बाई शटल घेऊन आली होती का? माणूस अडचणीत असतो तेव्हा त्याला चांगला मेकॅनिक नको असतो. त्याला आपलं म्हणणं, आपल्याच शब्दांत, कुणाला तरी कळलेलं पाहिजे असतं. रात्री कुणी बघत नसताना लोक सर्चच्या त्या रिकाम्या चौकटीत तेच लिहितात, आणि मी तिथं "अविरत व अविचल" घेऊन उभा!

मग काय, एकेका पुठ्ठ्याचं एकेक पान केलं. वर मथळा बायकोनं लिहिलेला, जसाच्या तसा. खाली उत्तर. "खालचा दोरा गुंततो? दहात नऊ वेळा दोष खालच्या दोऱ्याचा नसतो, वरचा नीट ओवलेला नसतो. सुईशेजारचा दाबाचा पाय वर उचला, दोरा काढा, पहिल्यापासून ओवा." हे लिहिता लिहिता मी पेन खाली ठेवलं बरं का! म्हटलं, अगं, हे सांगितलं तर गिऱ्हाईक दुकानात येईल कशाला? तर ती म्हणाली, "बाबा, दहावा येईल." सर्चमध्ये दिसलेला तो शिवणक्लास तिच्या ओळखीतल्या बाईंचा निघाला, त्यांनी पानं वाचली आणि आपण होऊन आपल्या पानावर लिहिलं, मशीन अडलं की आधी इथं वाचा. एक खरं बोट! चारशे घोड्यांना भारी पडलं ते. मुलगी म्हणाली, आता थांबायचं, याला आठवडे लागतात, रोज उकरून बी बघायचं नाही. मी रोज बघितलं.

पाचवं पान. तिसरं. दुसरं. आणि उन्हाळा संपता संपता, एका सकाळी, मेहुण्याच्या फोनवर बघितलं हं, माझ्या नाही, "खालचा दोरा गुंततो"… पहिल्या पानावर, वरून दुसरा! हजारांनी लोक यायला लागले. दुकानात नाही, पानावर! पत्रं यायला लागली. "काका, तुम्ही सांगितलं तसं ओवलं, लगेच चाललं, खूप आभार!" "दादा, सुई उलटी होती, बदलली, आता दुकानात न्यायची गरज नाही!" ज्या गावांची नावं मला उच्चारता येत नाहीत, तिथली मशीनं मी स्टुलावर बसून दुरुस्त करतोय, फुकट! कपाळाला हात लावला. बायको म्हणाली, "शिकवा सगळ्यांना घरी करायला, आणि आपण बसा पाय मोजत."

पण दहावा येतो हो. खरंच येतो. रोज चार-पाच पायांचे जोड थांबतात खिडकीपाशी, दर दहा पावलांनी दम खात, फोनमध्ये बघत चार पायऱ्या उतरतात. परवा एक जण आला, मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "सगळं वाचलं, सगळं करून बघितलं, नाही झालं. आता तुम्हीच." आता तुम्हीच! एकतीस वर्षांत असं गिऱ्हाईक मला मिळालं नव्हतं. मी म्हटलं, काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा. तो बोलत होता, आणि मी, शप्पथ सांगतो, एक शब्द सुधारला नाही. फक्त दंतपट्टीला "दाते" म्हणाला तेव्हा जीभ चावली.

पण पूर्वीसारखी गर्दी नाही ती नाहीच. चार-पाचांवर दुकान तगेल का, हे काही छातीठोक सांगता येईना. पहिली तारीख तर परवावर आली. शेवटी मीच मन घट्ट केलं आणि काल संध्याकाळी मेहुण्याला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, अगदीच वेळ आली तर… ती गेटवरची जागा अजून आहे ना? तिकडे तो जरा घुटमळला. ताकाला जाऊन भांडं लपवायचा स्वभाव नाही त्याचा, पण घुटमळला. "भाऊजी, आता तुमच्यापासून काय लपवायचं? गेटवर माणूस मला नकोच होता. पोती शिवायची तीन मशीनं आहेत माझ्याकडे, रोज दोरा तोडायची, मेकॅनिक मिळेना. म्हटलं, तुम्ही आलात की घरातल्या घरात बघाल. सरळ विचारलं असतं तर तुम्ही दुकान सोडून आला नसता. पण परवा सहज 'दोरा सारखा तुटतो' असं टाकलं, तर तुमचंच पान आलं! वाचलं, सुया बदलल्या, दोरा ओवला… तिन्ही मशीनं फुर्र्र चालतायत! आता खरंच, भाऊजी, तुम्ही नाही आलात तरी चालेल."

फोन ठेवला. म्हणजे बघा, होती ती नोकरीसुद्धा गेली, आणि ती कुणी घालवली, तर माझ्याच वेबसाइटनं! आता दुकान चालवण्यावाचून दुसरा इलाजच उरला नाही. बायकोला सांगितलं, तर ती पुठ्ठ्याला सुतळी ओवत होती, मानही वर केली नाही. म्हणाली, "बरंच झालं की. तिथं गेटवर बसून तुम्ही ट्रक ड्रायव्हरांचं बोलणं सुधारत बसला असतात."

…बसलोच असतो.